बालवर्गासाठी पाठ : खडा व चिंचोके

खडा, चिंचोका, खडा, चिंचोका अशी ओळ मांडून "पुढे काय?" असे विचारिले असता चार-पाच वर्षांचे मूल बहुधा बरोबर सांगते, पण तेवढ्यावरून त्यास क्रम कळला, असे आम्ही मानीत नाही. शेवटची वस्तू पाहून दुसरी ठेविली की तेथे भागते. यास्तव खडा, चिंचोका, चिंचोका असा क्रम तीनदा मांडावा. आता चिंचोक्यामागून कधी चिंचोका येतो, कधी खडा; म्हणून सबंध गट ध्यानी धरावा लागतो. येथे अडलेल्या मुलास मंद म्हणू नये. गटावर बोट ठेवून त्याच्याकडून तो मोठ्याने म्हणवावा. मग एक टाळी, दोन चुटक्या असा तोच क्रम करवावा. (चुटकी वाजत नसेल, तर मांडीवरील थाप चालेल.) शेवटी ओळीतला एक चिंचोका हळूच काढून घ्यावा, व कोठे उणे पडले ते त्यालाच शोधू द्यावे.