‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

नामपूर हे बागलाण तालुक्यातील मोसम नदीकाठचे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी कांदा घेऊन बाजार समितीत येतो, तेव्हा त्याच फेरीत एखादा उतारा वा दाखलाही काढून नेतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची सोय झाली. कागद गावापर्यंत आला, हे खरे. परंतु तो तयार करणारे यंत्र दूर गेले.

समजा, सेवा केंद्रात एखादा दाखला मागितला आणि तो उघडला, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटले. पुन्हा मागितला, तर स्वच्छ आला. तिसऱ्या माणसाला पुन्हा चौकोन. केंद्रचालक ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगून मोकळा होतो. पीककर्जाच्या किंवा विम्याच्या मुदतीचा अखेरचा दिवस असेल, तर हे उत्तर शेतकऱ्यास फार महाग पडते. शिवाय ते चुकीचेही आहे. सर्व्हर बंद असता, तर चौकोनसुद्धा आले नसते.

मोठ्या सेवेमागे सहसा एकच सर्व्हर नसतो. एका बलवान यंत्राचे अनेक आभासी सर्व्हर करता येतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीची व्हीएम-३७० ही प्रणाली १९७२ सालची. भारत सरकारने ‘मेघराज’ हा राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये सुरू केला, तोही याच तत्त्वावर. असे सर्व्हर एकेक करून हाताने उभे केले जात नाहीत. कार्यप्रणाली, सहायक आज्ञावल्या, अक्षरसंच इत्यादी सर्व एकत्र बांधून एक नमुना तयार करतात. त्यास इमेज म्हणतात. तिच्या प्रती काढल्या की सर्व्हरांचा समूह उभा राहतो.

जुन्या शिक्षकांना चक्रमुद्रणाचा मेणकागद आठवत असेल. त्यावर एक ओळ राहिली, तर शंभरही प्रतींत ती राहते. इमेजचे तसेच आहे. ती हलकी राहावी म्हणून अनावश्यक घटक वगळतात, आणि त्या भरात मराठी अक्षरसंच किंवा एखादी सहायक आज्ञावली वगळली जाते. आभासी यंत्रणा बदलताना डिस्क ओळखणारा चालक-घटक राहिला, तर सर्व्हर सुरू होता होताच अडतो. तो दोष तत्काळ दिसतो. फसवा असतो तो दोष, ज्यात सर्व्हर सुरळीत चालतो, पण एकच काम त्याला जमत नाही.

चारपैकी तीन सर्व्हर नव्या इमेजवरून आणि एक जुन्या, अपुऱ्या इमेजवरून उभा असेल, तर काय होईल? मागण्या पाळीपाळीने वाटल्या जात असतील, तर दर चौथी मागणी बिघडेल. परंतु काही व्यवस्थांत एका ग्राहकाला काही काळ एकाच सर्व्हरशी बांधून ठेवतात. मग एका केंद्रात दाखला मुळीच निघत नाही आणि शेजारच्या केंद्रात सर्व ठीक असते; दोष मात्र बिचाऱ्या केंद्राच्या संगणकावर येतो! त्याची शहानिशा सोपी आहे. बिघडलेली तीच फाइल दुसऱ्या संगणकावर वा मोबाइलवर उघडावी. तेथे अक्षरे नीट दिसली, तर दोष बहुधा आपल्या संगणकाचा. तेथेही चौकोनच असतील, तर तो बहुधा सर्व्हरकडचा.

सर्व्हरकडील तंत्रज्ञ मग चांगल्या आणि सदोष सर्व्हरवरील घटकांच्या याद्या समोरासमोर ठेवतो. लिनक्स प्रणालीत ‘एलडीडी’ ही आज्ञा कोणती सहायक आज्ञावली सापडत नाही ते दाखवते. ‘एफसी-लिस्ट’ने कोणते अक्षरसंच आहेत ते कळते. उणा घटक सापडला की तो त्याच सर्व्हरवर हाताने बसवून टाकण्याचा मोह होतो. त्या दिवसापुरते काम भागतेही. परंतु पुढे तो सर्व्हर त्याच इमेजवरून नव्याने उभा केला, की दोष परत हजर होतो, आणि आधी काय केले होते ते सांगणारा माणूस कदाचित बदलून गेलेला असतो. म्हणून दुरुस्ती मेणकागदावर झाली पाहिजे, प्रतीवर नव्हे. इमेज सुधारून तिला नवा क्रमांक द्यावा, सर्व सर्व्हर तिच्यावरून उभे करावेत आणि प्रत्येक सर्व्हरवरून स्वतंत्रपणे एक मराठी दाखला काढून पाहावा. चाचणीसाठी ‘शेतकऱ्यांच्या’ हा एक शब्द पुरेसा बोलका आहे. त्यातील ‘ऱ्या’ पुष्कळदा हिंदीपुरत्या पाहून घेतलेल्या अक्षरसंचाची परीक्षा घेतो.

या शोधात ग्रामपंचायतीचा वाटा कोणता, असे कोणी विचारील. तो मोठा आहे. ‘सकाळपासून सर्व्हर डाऊन’ या तक्रारीवरून तंत्रज्ञास काहीच सापडत नाही. ‘११ वाजून १२ मिनिटांनी, अमुक क्रमांकाचा अर्ज, चार प्रयत्नांपैकी एकदा चौकोन आले, उरलेल्या तीन वेळा दाखला नीट निघाला’ अशी नोंद आली, तर त्या मिनिटाला ही मागणी कोणत्या सर्व्हरकडे गेली होती, ते यंत्राच्या नोंदवहीत शोधता येते. पडद्यावरील संदेश असेल, तर तो जसाच्या तसा उतरवावा. छायाचित्र पाठविताना अर्जदाराचा आधार क्रमांक मात्र झाकावा.