गायरानाची नोटीस आणि न्यायालयाचा अधिकार

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आजही गायरान किंवा पडीक सरकारी जमीन कसून पोट भरतात. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये देशव्यापी सत्याग्रह झाला, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आले. तरीही तहसील कचेरीतून नोटीस आली की माणसे घाबरतात. कोणी पुढाऱ्याकडे धावतो, कोणी नोटीस घेण्यासच नकार देतो. हा दुसरा मार्ग तर फारच घातक होय. म्हणून सभासदांसाठी, आणि विशेषतः कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी, हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

परमपूज्य बाबासाहेबांनी अनुच्छेद ३२ ला संविधानाचा आत्मा मानले. त्याच्याच जोडीचा अनुच्छेद २२६ उच्च न्यायालयाला शासनाचा आदेश तपासण्याचा अधिकार देतो. यालाच न्यायिक पुनर्विलोकन म्हणतात. हे अपील नव्हे. अधिकाऱ्याला तो अधिकार होता काय, नोटीस दिली काय, म्हणणे ऐकले काय, कारणे लिहिली काय, हे न्यायालय पाहते. जमीन कोणाची, याचा निकाल सहसा रिट याचिकेत लागत नाही.

मुंबईच्या पदपथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला (१९८५) या दृष्टीने अभ्यासावा. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि हटविण्यापूर्वी नोटीस देणे हाच नियम आहे, असे पाच न्यायमूर्तींनी सांगितले. परंतु पदपथावर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली. या निकालाचा पहिला भाग सभांतून सांगितला जातो, दुसरा सांगितला जात नाही.

जमिनीवर आपला खराखुरा मालकी दावा असेल, तर गोष्ट निराळी. हैदराबाद येथील उस्मानिया विद्यापीठाशी संबंधित जमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ठरविले की, मालकीबद्दल प्रामाणिक वाद असताना शासनाने स्वतःच्या बाजूने स्वतःच निवाडा करून संक्षिप्त कारवाईने ताबा घेऊ नये. दिवाणी न्यायालयात जावे. जुन्या महार वतनाच्या जमिनीबाबत कागद असतील, तर हा मुद्दा उपयोगी पडू शकतो. निव्वळ गायरानाला तो लागू पडणे कठीण.

गायरानाबाबत शासन आधार घेते तो जगपाल सिंग खटल्याचा (२८ जानेवारी २०११). पंजाबातील गावतळ्याच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा ताबे काढण्याची योजना करण्यास सांगितले. पण तोच निकाल शेवटपर्यंत वाचावा. कारणे दाखवा नोटीस व थोडक्यात सुनावणी त्यातही आवश्यक धरली आहे. आणि भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासकीय अधिसूचनेनुसार पट्टा दिला असल्यास ताबा नियमित करता येईल, असा अपवादही ठेवला आहे. नोटिशीच्या उत्तरात हा अपवाद मांडलाच पाहिजे. पट्टा नसेल, तर १९९१ च्या निर्णयाखालील आपला अर्ज प्रलंबित आहे किंवा न ऐकताच फेटाळला, हे लिहावे.

त्यासाठी कागद हवेत. गाव नमुना १-ई मधील अतिक्रमणाची नोंद, दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे, जुन्या अर्जाची पोच. कित्येक घरांत हे सर्व असते, पण पत्र्याच्या पेटीत वाळवी खात असते. नोटीस सही करून घ्यावी, तारीख लिहावी, उत्तर लेखी देऊन पोच घ्यावी. सुनावणी न झाल्यास तेच पुढे न्यायालयात मुख्य कारण ठरते.

आदेश झालाच, तर महसूल अधिनियमाखालील अपिलाचा मार्ग आधी पाहावा, कारण तो सोडून आलेल्यास उच्च न्यायालय बहुधा परत पाठविते. नैसर्गिक न्याय डावलला असेल तर मात्र ते थेट दखल घेऊ शकते. जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाची मुदत ६० दिवस, अन्यथा ९० दिवस आहे. आणि अपील दाखल केले म्हणजे कारवाई आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी सोबत द्यावा लागतो.