तेच ड्रिल, दुकान वेगळं: फरक नेमका कुठे पडतो?

ड्रिल मशीन घ्यायचं म्हटलं की ओळखीचा सुतार किंवा इलेक्ट्रिशियन हमखास बजावतो, ‘ऑनलाइन घेऊ नका, तिकडे हलका माल पाठवतात. आत प्लॅस्टिकचे गिअर असतात.’ हे ऐकून काही जण दुकानात तीन-चारशे रुपये जास्त मोजतात. काही जण उलट सगळीकडचा माल सारखाच समजून सर्वांत स्वस्त दिसेल ते मागवतात आणि बनावट यंत्र घरी आणतात. दोन्हीकडे पैसे वाया जातात.

आधी सरळ उत्तर. एकाच कंपनीचं, एकाच मॉडेल क्रमांकाचं अस्सल यंत्र मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर घ्या, पुण्यात बोहरी आळीत घ्या किंवा फोनवरून मागवा, ते सारखंच असतं. यामागे साधं व्यावहारिक कारण आहे. यंत्र बिघडलं की सर्व्हिस सेंटर मॉडेल क्रमांक पाहून आर्मेचर, फील्ड, गिअर, स्विच मागवतं. एकाच क्रमांकाखाली दोन प्रकारचे गिअर निघाले, तर सुट्या भागांची सगळी व्यवस्थाच कोलमडेल. कंपनीला स्वस्त यंत्र काढायचं असतं तेव्हा ती त्याला वेगळा क्रमांक देते.

हा वेगळा क्रमांकच नीट वाचावा लागतो. बॉशच्या यंत्रांवर ‘जीएसबी’ म्हणजे इम्पॅक्ट ड्रिल, ‘जीबीएम’ म्हणजे नुसतं फिरणारं ड्रिल, ‘जीबीएच’ म्हणजे रोटरी हॅमर. पुढच्या ‘आरई’ या अक्षरांमधला ‘आर’ उलट फिरण्याची सोय सांगतो आणि ‘ई’ वेग कमीजास्त करण्याची. यातला ‘आर’ गळला तर किंमत दोन-तीनशेंनी उतरेल, पण स्क्रू काढायची वेळ आली की यंत्र उलटं फिरणार नाही. दोन दुकानांतल्या भावात मोठी तफावत दिसली, तर बहुतेक वेळा आपण दोन वेगळ्या मॉडेलांची तुलना करत असतो. बिट पकडणारा चकही बघा, 10 मिमी आणि 13 मिमी ही वेगळी यंत्रं आहेत. खोक्यापेक्षा यंत्राच्या पट्टीवर जास्त विश्वास ठेवा. बॉशच्या पट्टीवर दहा अक्षर-आकड्यांचा क्रमांकही असतो. तो दोन्ही दुकानांतल्या यंत्रांवर जुळला की वाद मिटला.

एकाच कंपनीत दोन प्रती असतात, हे मात्र खरं. बॉशची निळी यंत्रं कारागिरांसाठी आणि हिरवी घरगुती वापरासाठी असतात. मकिताची ‘एमटी’ ही किफायतशीर मालिका वेगळी आहे. यात फसवणूक नाही, कारण हे उघड लिहिलेलं असतं. वर्षाला पाच-सात भोकं पाडणाऱ्या घराला घरगुती प्रत पुरते. रोज आठ तास ग्राइंडर चालवणाऱ्या फॅब्रिकेटरने ती घेऊ नये.

कॉर्डलेस यंत्रांत गोंधळ आणखी वाढतो. एक दुकान 18 व्होल्ट म्हणतं, दुसरं ‘20 व्होल्ट मॅक्स’. बॅटरी तीच: 3.6 व्होल्टचे पाच लिथियम सेल, म्हणजे 18. पूर्ण चार्ज झाल्यावर क्षणभर दिसणारा आकडा धरला की 20. त्या दोन व्होल्टसाठी जास्त पैसे देऊ नका. बिननावाच्या यंत्रांवर ‘48 व्होल्ट’ किंवा त्याहून मोठे आकडे छापलेले दिसतात. खरे 48 व्होल्ट मिळायला तेरा-चौदा सेल लागतील. मुठीत मावणाऱ्या त्या बॅटरीत ते बसणारच नाहीत. असं यंत्र कुठल्याही दुकानातून घेऊ नये. जे आकडा खोटा छापतात, त्यांच्या चार्जरवर आणि बॅटरीवर घरात रात्रभर भरवसा ठेवणं धोक्याचं आहे.

आता बनावट मालाबद्दल, कारण सुताराच्या तक्रारीचं मूळ बहुधा इथे आहे. नावाजलेल्या ड्रिलची आणि चार इंची ग्राइंडरची नक्कल हुबेहूब असते आणि ती दोन्हीकडे विकली जाते: बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून, ऑनलाइन कुठल्यातरी अनोळखी विक्रेत्याच्या नावाने. आतलं वाइंडिंग तांब्याऐवजी अॅल्युमिनियमचं असू शकतं. तेवढ्याच जाडीची अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या जेमतेम साठ टक्के वीज वाहते, म्हणून मोटर लवकर तापते आणि जळते. अॅल्युमिनियम वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून कंपनीने छापलेलं वजन बघून यंत्र वजनकाट्यावर ठेवा. पाव किलो कमी भरलं तर परत करा. पट्टीवर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण हवी. अर्थिंगशिवायचा दोन पिनांचा प्लग असून ती खूण नसेल, तर ओल्या भिंतीजवळ ते यंत्र जिवावर बेतू शकतं.

भावाचा अंदाज असा. नावाजलेल्या कंपनीचं साधारण 500 वॉटचं इम्पॅक्ट ड्रिल नुसतं घेतलं तर दोन ते तीन हजारांत मिळतं. बिट, पान्हे, स्क्रू, प्लॅस्टिकच्या गट्ट्या असलेला किट साडेतीन-चार हजारांपर्यंत जातो. ‘शंभर नगांचा किट’ वाचून हुरळू नका, त्या शंभरांत प्रत्येक स्क्रू आणि गट्टी मोजलेली असते. मला विचाराल तर नुसतं यंत्र घ्यावं आणि काँक्रीटचे चार चांगले बिट सुटे घ्यावेत.

दुकानदार म्हणतो, ‘पक्कं बिल नको असेल तर साडेचारशे कमी करतो.’ हे साडेचारशे कुठून येतात ते पाहा. विजेच्या हत्यारांवर 18 टक्के जीएसटी आहे. 2,500 च्या यंत्रावर 450 कर धरून 2,950 होतात. म्हणजे दुकानदार स्वतःच्या खिशातून काहीच सोडत नाही. फक्त कर बुडतो आणि तुमची वॉरंटी जाते. पुढे आर्मेचर जळलं तर भाग आणि मजुरी मिळून हजाराच्या घरात खर्च जाऊ शकतो. कार्बन ब्रश, चक, केबल हे झिजणारे भाग एरवीही बहुधा वॉरंटीत येत नाहीत, तेव्हा उरलेलं संरक्षण तरी गमावू नका.

जवळच्या दुकानाला दोन-तीनशे जास्त द्यावेत का? तो दुकानदार यंत्र तुमच्यासमोर चालवून दाखवत असेल, वॉरंटीचं काम स्वतः सर्व्हिस सेंटरला पाठवत असेल आणि अस्सल कार्बन ठेवत असेल, तर जरूर द्यावेत. तालुक्याच्या गावात, जिथून सर्व्हिस सेंटर साठ किलोमीटरवर आहे, तिथे एका फेरीच्या भाड्यातच हा फरक वसूल होतो. शहरात सेंटर जवळ असेल आणि विक्रेता कंपनीचा अधिकृत असेल, तर ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि मालाचा मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

फसवणूक झालीच, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यामुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल मात्र हवंच.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा, पट्टीवरच्या क्रमांकाचा फोटो घ्या आणि सर्व्हिस सेंटरला फोन करून तो क्रमांक पडताळून घ्या. मग पहिल्या दोन दिवसांतच घरातल्या खऱ्या भिंतीत भोक पाडून पाहा. ऑनलाइन परतीची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांचीच असते आणि दसऱ्याच्या सेलमध्ये घेतलेलं यंत्र दिवाळीचं रंगकाम संपेपर्यंत खोक्यातच ठेवलं, तर तोवर ती उलटून गेलेली असते.