तुझा एएस रिपोर्ट

अगं, तोंड एवढंसं करून बसलीयस ते त्या 'एएस'पायीच ना? आण इकडे तो कागद. एएस म्हणजे तू सिकलसेलची वाहक आहेस, पेशंट नाहीस. पुढेमागे होणारही नाहीस. एएसचा कधी एसएस, म्हणजे पेशंट, होत नसतो. आणि तुझं हिमोग्लोबिन चांगलं आहे, तेव्हा आईने लगेच लोहाच्या गोळ्या आणायला धावू नये.

काकू 'रक्तात खोट' म्हणाल्या, ते मनाला लावून घेऊ नकोस. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं. त्यातलं एक बदललं, म्हणून हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं. बस्स, एवढंच! आई आणि बाबा दोघांकडूनही तेच आलं, तर मात्र प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं असह्य ठणकतात.

मग असलं जनुक टिकलं कसं? मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. केनियात वाढलेला अँथनी अ‍ॅलिसन १९४९मध्ये तिथल्या जमातींचं रक्त तपासत हिंडला. समुद्रकाठी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला वाहक भरपूर. मधल्या उंच, थंड मुलखात अगदी तुरळक. हिवतापाचंही तसंच! १९५४मध्ये त्याने दाखवून दिलं की, एकच बदललेली प्रत असलेली पोरं जीवघेण्या हिवतापातून जास्त तगतात. आपल्या गडचिरोली-नंदुरबारच्या जंगलपट्ट्यातही हिवताप कमी नव्हता. उत्क्रांतीला कुणाच्या दुखण्याशी देणंघेणं नाही. कुणाची लेकरं जगली, तेवढंच ती बघते. तुझ्या त्या एका अक्षराने आपल्या घरातलं एखादं पोर नक्की वाचवलं असणार, असं मला आपलं वाटतं.

आणि 'हा अमुक जातीचा रोग' असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नकोस. आदिवासी पाड्यांवर आहे, विदर्भात इतर समाजांत आहे, ग्रीस आणि सौदी अरबस्तानातही आहे.

आता कामाचं. लग्न ठरवताना पत्रिका राहू दे, आधी मुलाचं रक्त तपासून घ्यायचं. २०२३पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. पण नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर थांबायचं नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यायची. कारण तो थॅलेसेमियाचा वाहक असला, तर पहिल्या टेस्टमध्ये ते कळत नाही, आणि तुमच्या मुलाला त्रास तसाच होऊ शकतो. तो एए, म्हणजे सिकलसेलचा वाहकही नसलेला, आला आणि थॅलेसेमियाचाही वाहक नसला, तर काळजी मिटली; मुलं फार तर वाहक होतील. तोही एएस असेल, तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता एसएसची. पहिलं बाळ धडधाकट झालं म्हणून दुसऱ्याला माफी नाही हं! तरी मन त्याच्यावरच बसलं असेल, तर दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भ तपासता येतो. तो निर्णय तुम्ही दोघांनी घ्यायचा, काकूंनी नाही.

विचारायची लाज वाटते? मग त्याच्या वहिनीचा नंबर दे मला. रविवारी कांदेपोहे व्हायच्या आत मीच बोलते तिच्याशी.