घाटातून येणारा माल आणि दरडींचा हंगाम

"यंदा पाऊस बेताचाच आहे, घाटाची काळजी नको." कोकणात दुकान चालविणाऱ्या आमच्या बांधवांकडून हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकतो. या हिशेबात चूक आहे. पावसाळ्याची एकूण बेरीज पाहून दरड येत नाही. आधीच्या आठ-पंधरा दिवसांत डोंगर किती भिजला आणि त्यावर एक-दोन दिवसांत किती पाऊस ओतला, यावर बहुतेक वेळा ते ठरते.

सह्याद्रीच्या उतारावर खाली काळा पाषाण आणि वर मुरूम व माती असते. जूनचे बरेचसे पाणी ही कोरडी माती पिऊन टाकते. जुलैच्या मध्यापर्यंत तिचे पोट भरते. पुढचे पाणी मुरूम आणि खडक यांच्या सांध्यात साचते, वजन वाढते, मातीची पकड सुटते. मग एका रात्रीची झड पुरते. तारखाच पाहा: महाड तालुक्यातील दरडी २५-२६ जुलै २००५, माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तळीयेच्या वेळी महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आंबेनळी घाट बंद पडला आणि चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली.

रस्त्यासाठी किंवा रुळांसाठी तोडलेली डोंगराची कड मात्र जुलैची वाट पाहत नाही. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर दरड येऊन कोकण रेल्वेची गाडी घसरली. ५० हून अधिक माणसे गेली.

मशीद बंदरहून किराणा मागविणारे, बेकरीसाठी मैदा-साखर भरणारे, कराडकडून कुंभार्ली घाटाने माल आणणारे, या सर्वांनी जुलैच्या उत्तरार्धाचा साठा पहिल्या पंधरवड्यातच उतरवून घ्यावा. उधारीवर घेतलेला माल घाटात अडकला तरी हुंडीची तारीख थांबत नाही. आपल्या गावचा पाऊस पाहून ट्रक सोडू नये, घाटमाथ्यावरचा पाहावा. कृषी खाते मंडळनिहाय आकडे रोज देते. ते आठवडाभर वहीत उतरवून बेरीज ठेवली तर डोंगर किती भिजला याचा अंदाज येतो. सलग चार-पाच दिवस जोराची झड आणि त्यावर हवामान खात्याचा लाल इशारा असेल, तर गाडी घाटाखालीच थांबवावी. ड्रायव्हरला रात्री घाट चढायला लावू नये. एका मुक्कामाचे जादा भाडे पडले तर ते खुशीने द्यावे.