भीती कोणाची?

प्रश्न : शाळेत असताना नारायण धारपांची ‘शपथ’ वाचली आणि बरेच दिवस न्हाणीघरात एकटं जायला घाबरत होतो. पुढे तिच्याच मूळ इंग्रजी कादंबरीवरचा ‘इट’ हा सिनेमा पाहिला. चित्रीकरणाच्या तोंडावर त्याचा दिग्दर्शक बदलला होता, असं समजलं. गोष्ट ठरलेली, पटकथा लिहून झालेली, मग दिग्दर्शक बदलल्यानं बदलतं तरी काय? आपल्याकडे असं काही घडलंय का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : गोष्ट बहुतेक तीच राहते, भीती मात्र बदलते. कादंबरीतलं भूत वाचक आपल्या मनानं रंगवतो. सिनेमात ते कुणीतरी एकानं ठरवावं लागतं : कसं दिसेल, किती वेळ दिसेल, की दिसणारच नाही. ठरवणारा माणूस आपल्याला ज्याची भीती वाटते तेच पडद्यावर आणतो. त्यामुळे इतर कुठल्याही सिनेमापेक्षा भयपटात दिग्दर्शक बदलणं जास्त जाणवतं, असं माझं ठाम मत आहे.

‘इट’चंच बघा. स्टीफन किंगची ही कादंबरी १९८६ची. कॅरी फुकुनागा यांनी काही वर्षं तिच्यावर काम केलं, सहलेखकाबरोबर पटकथा लिहिली आणि मे २०१५मध्ये, चित्रीकरण अगदी जवळ आलेलं असताना, ते बाहेर पडले. आपल्याला चाकोरीबाहेरचा भयपट करायचा होता आणि निर्मात्यांना ठरलेल्या प्रेक्षकाला रुचणारा हवा होता, असं त्यांनी नंतर उघडपणे सांगितलं. त्यांच्या जागी अर्जेंटिनाचे आंद्रेस मुस्किएती आले. त्यातल्या भीतिदायक विदूषकाच्या भूमिकेसाठी विल पोल्टरची निवड झाली होती, ती भूमिका बिल स्कार्सगार्डकडे गेली. गॅरी डॉबरमन यांनी पटकथेवर पुन्हा हात फिरवला. २०१७मध्ये सिनेमा आला तेव्हा लेखकांच्या यादीत फुकुनागांचं नाव कायम होतं, म्हणजे त्यांचं काम पुसलं गेलं नव्हतं.

तरीही एक प्रसंग पाहा. कादंबरीत स्टॅन या मुलाला पाण्याच्या टाकीच्या इमारतीत बुडून मेलेली मुलं दिसतात. सिनेमात ती नाहीत. तिथे भिंतीवरच्या तसबिरीतली, वेडावाकडा चेहरा असलेली बाई चौकटीतून बाहेर येते. ही बाई किंगची नव्हे, मुस्किएतींची. त्यांच्या लहानपणी घरात मोदिल्यानी या चित्रकाराच्या चित्राची एक प्रत होती आणि लांबट मानेच्या, वाकड्या चेहऱ्याच्या त्या बाईला ते घाबरत. दिग्दर्शक बदलला म्हणून अर्जेंटिनातल्या एका मुलाची भीती किंगच्या अमेरिकी गावात शिरली. फुकुनागांनी केला असता तो सिनेमा आपल्याला कधीच बघायला मिळणार नाही, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते.

तुम्ही वाचलेली ‘शपथ’देखील मूळ भीती नव्हेच. धारपांनी किंगच्या कल्पना उचलल्या आणि आपल्या माणसांत, आपल्या घरांत आणून वसवल्या. पडद्याच्या आधी कागदावर नजर बदलली ती अशी.

आता आपल्याकडचं. त्यासाठी लांब जायला नको. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच असेल. ज्या बाबूराव पेंटरांची तो आठवण आहे, त्यांनी १९२०मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ काढला. आधार खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाचा. ते नाटक पाहताना लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसे, आणि म्हणूनच इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली होती. नाटकाचा जोर संतापावर होता. पेंटर हे मुळात चित्रकार. प्रसंग घेण्याआधी ते कागदावर रेखाटून बघत. त्यांनी तो संताप डोळ्यांना दिसेल असा केला. भीम कीचकाचं मुंडकं धडावेगळं करतो, ते इतकं खरं वाटलं की प्रेक्षक हादरले आणि अखेर ते दृश्य कापावं लागलं. मूक सिनेमा, हातानं बनवलेला कॅमेरा, आणि तरीही माणसं भ्यायली! हे कोल्हापुरात झालं याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढे तेच कथानक पेंटरांच्या हाताखाली शिकलेल्या व्ही. शांतारामांनी १९३३मध्ये ‘प्रभात’साठी पुन्हा केलं. त्यांचा सगळा ध्यास रंगाचा होता. प्रती रंगीत करण्यासाठी जर्मनीला नेल्या, रंग मनासारखे उतरले नाहीत. एकाच कथेकडे दोघांनी असं वेगवेगळ्या ओढीनं पाहिलं. मात्र याला भयपट म्हणणं ताणल्यासारखं होईल.

खरा भयपट हवा तर ‘तुंबाड’. तिथे दिग्दर्शकाची खुर्ची बदलली नाही, पण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला तिथेच सापडतं. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं धारपांची ‘आजी’ ही कथा सांगितली. मुलगा घरात एकटा, सोबतीला फक्त भयंकर आजी. ही कथाही किंगच्या ‘ग्रॅमा’वरून घेतलेली. म्हणजे किंग, धारप, मित्र आणि बर्वे असा तिचा प्रवास. बर्वे यांनी नंतर कथा वाचली तेव्हा तिच्यात ती दहशत उरली नव्हती. ती त्या रात्री जंगलात ऐकण्यात होती. पहिला खर्डा त्यांनी १९९७मध्ये, अठराव्या वर्षी लिहिला. २००९-१०मध्ये सुमारे सातशे पानांची चित्रसंहिता काढली. निर्माते आले आणि गेले. २०१२मध्ये चित्रीकरण झालं, संकलन करून पाहिलं आणि ते मनासारखं उतरलं नाही म्हणून पुन्हा लिहून पुन्हा चित्रित केलं. ते २०१५मध्ये संपलं. आनंद गांधी सर्जनशील दिग्दर्शक म्हणून आणि आदेश प्रसाद सहदिग्दर्शक म्हणून जोडलेले होते. लेखनातही दोघांचा वाटा आहे. १२ ऑक्टोबर २०१८ला सिनेमा लागला, तेव्हा त्यात ‘आजी’चं काय उरलं होतं? सुरुवातीचा भाग : १९१८, कोसळता पाऊस, साखळदंडात बांधलेली म्हातारी आणि पोरगा. पुढचा सगळा सिनेमा त्या पोराच्या, विनायकच्या, हावरटपणाचा आहे. कथेत भीती आजीची वाटते. सिनेमात शेवटी विनायकचीच वाटू लागते. नावसुद्धा श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं, ज्यात भूतबीत काही नाही. एकाच दिग्दर्शकाची नजर इतक्या वर्षांत एवढी सरकते, तर माणूसच बदलल्यावर किती सरकेल?

सगळं श्रेय किंवा दोष दिग्दर्शकाचा, असंही मी म्हणणार नाही. धारपांची ‘लुचाई’ किंगच्या ज्या ‘सालेम्स लॉट’ कादंबरीवरून आली, तिच्यावरचा सिनेमा जॉर्ज रोमेरो करणार होते. सिनेमाऐवजी टीव्ही मालिका ठरली, टीव्हीच्या बंधनांपायी ते निघून गेले आणि १९७९मध्ये ती टोबी हूपरनी केली. कादंबरीतला बार्लो हा रक्तपिपासू गोड बोलणारा, सुसंस्कृत गृहस्थ आहे. हूपरच्या मालिकेत तो निळसर चेहऱ्याचा मुका राक्षस झाला, आणि हा निर्णय निर्माते रिचर्ड कोब्रिट्झ यांचा होता. पण खिडकीबाहेर धुक्यात तरंगत येऊन काचेवर नखं घासणारा तो मेलेला पोरगा हूपरनी उभा केला : मुलाला क्रेनवर बसवून दृश्य उलट्या क्रमानं घेतलं, म्हणून त्याची हालचाल कुठल्याच जिवंत माणसासारखी दिसत नाही. २००४च्या मालिकेत बार्लो पुन्हा बोलू लागला, तो रटगर हाउअरच्या तोंडून. २०२४चा सिनेमा ‘इट’चे तेच गॅरी डॉबरमन यांनी दिग्दर्शित केला आणि बार्लोचा चेहरा परत १९७९कडे झुकला.

तुमच्याकडे ‘लुचाई’ असेल तर ती आधी वाचा आणि मग ही तिन्ही रूपं लागोपाठ बघा. मात्र १९७९ची मालिका बघताना टीव्हीवरची तीन तासांची पूर्ण आवृत्तीच मिळवा. चित्रपटगृहांसाठी छाटलेली आवृत्तीही फिरते, आणि तिच्यात तासाभराहून जास्त भाग कापलेला आहे.