तीन चाकं, तरी वळणावर कलंडते कशी?

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीत टर्नर होतो, आता निवृत्त आहे. गुडघे कुरकुरतात आणि तोल जाईल अशी धास्ती वाटते, म्हणून सायकल सुटली. हाताला चाळा म्हणून घरातल्या जुन्या २४ इंची लेडीज सायकलला मागं दोन चाकं बसवून मोठ्या माणसाची तीनचाकी करायला घेतली आहे. ओळखीच्या शॉपमध्ये संध्याकाळी लेथ मोकळं मिळतं. परवा चालवून बघितली. सरळ छान जाते, पण गेटात वळताना आतलं चाक चक्क उचललं. तीन पायांची तिवई कधी डगमगत नाही, मग तीन चाकांची सायकल का कलंडते? आणि शॉपमधले मित्र म्हणतात, मागची दोन्ही चाकं एकाच शाफ्टला पक्की कर, ओढ चांगली मिळेल. करू का?
– एक वाचक, पुलाची शिरोली

उत्तर: मित्रांच्या सल्ल्याचं आधी सांगतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दात संपतं: नको. का नको ते पुढं येईलच. तिवईच्या प्रश्नाला मात्र जरा जागा लागेल.

तिवई डगमगत नाही हे खरं, पण तिवईला कुणी ताशी १० किलोमीटरनं गेटात वळवत नाही. उभ्या तीनचाकीवर फक्त खालची ओढ असते. तुमच्यासकट तिच्या वजनाचा मध्य तीन चाकांच्या त्रिकोणात कुठंही असला तरी ती पडत नाही. वळायला लागलं की बसणाऱ्याला आणखी एक ओढ जाणवते, बाहेरच्या बाजूला. दुचाकीवाला त्यावर अंग आणि सायकल दोन्ही आत झुकवून तोड काढतो. तीनचाकीला झुकताच येत नाही, त्यामुळे ती ओढ तिला ताठ उभ्यानं सोसावी लागते.

गंमत अशी, की आयुष्यभर सायकल मारलेल्या माणसालाच तीनचाकी लवकर जमत नाही. त्याला डावीकडं वळायचं असतं. सवयीनं तो अंग डावीकडं टाकतो आणि सायकल आपोआप वळेल म्हणून वाट बघतो. तीनचाकी सरळ जाऊन समोरच्या गटारीच्या कठड्याला टेकते. ज्याला सायकल कधी येतच नव्हती तो बिचारा हँडल हातानं फिरवतो आणि पाच मिनिटांत शिकतो.

आता तुमच्या गाडीचा हिशेब मांडू. मागच्या दोन चाकांत ६५ सें.मी. अंतर आणि पुढच्या चाकापासून मागच्या एक्सलपर्यंत ११० सें.मी. लांबी धरू. उंच सीटवर तुम्ही बसल्यावर सगळ्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ९० सें.मी. वर येईल, आणि लांबीच्या हिशेबानं पुढून ७० टक्के मागं. गाडी कलंडते ती मागच्या चाकाभोवती नव्हे, तर पुढचं चाक आणि बाहेरचं मागचं चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेभोवती. मध्यापासून त्या रेषेपर्यंत जेमतेम २२ सें.मी. अंतर उरतं. ६५ सें.मी. रुंदीची गाडी वळणावर इतक्याच रुंदीची असते! शेडच्या गेटात शिरताना वळणाची त्रिज्या ४ मीटर असेल, तर ताशी ११ किलोमीटरच्या आसपास आतलं चाक सुटतं. म्हणजे तुम्ही काही शर्यत लावली नव्हती, साध्या सायकलच्या वेगानं वळलात.

उपाय म्हणून सगळ्यांना पहिल्यांदा मागची चाकं लांब करायचं सुचतं. करा, पण आधी घराच्या फाटकाची रुंदी मोजा. तीनचाकी रात्री रस्त्यावर ठेवावी लागली तर हौस आठवड्यात फिटते. त्यापेक्षा सीट खाली आणणं फायद्याचं. मात्र सीट नुसती खाली केली तर गुडघे छातीशी येतील, आणि तुमची तक्रार गुडघ्यांचीच आहे. सीट खाली आणि मागं, दोन्ही एकदम सरकवा. पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकं अंतर ठेवा. हँडलचा दांडा मागं वळवून लांब करा. खुर्चीत बसल्यासारखी बैठक होते, दोन्ही पाय जमिनीला टेकतात, आणि मागं सरकल्यामुळे वजन त्रिकोणाच्या रुंद भागात जातं. गुरुत्वमध्य ७० सें.मी. वर आला आणि ७८ टक्के मागं गेला, तर त्याच वळणावर ताशी १३ किलोमीटर झेपतात. दोन किलोमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसेल. पण बाहेरची ओढ वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे गाडी आता जवळजवळ दीडपट जोर सोसते.

मागं सरकवायलाही मर्यादा आहे. पुढच्या चाकावर एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी भार राहिला, तर चढावर हँडल हलकं पडतं आणि गाडी म्हणेल तिकडं जाते. हे अंदाजानं ठरवू नका. शॉपमध्ये वजनकाटा असेलच. पुढचं चाक काट्यावर ठेवा, मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या द्या आणि सीटवर बसा. गाडी आणि तुम्ही मिळून १०० किलो असाल आणि काट्यानं २२ दाखवले, तर मध्य ७८ टक्के मागं आहे.

दुसरी परीक्षा विटांची. मागच्या एका चाकाखाली ९ सें.मी. उंचीची वीट सरकवून सीटवर बसा. अंगाला जी कलती ओढ जाणवेल, तीच ४ मीटरच्या वळणावर ताशी साडेआठ किलोमीटरला जाणवते. उंच सीट असताना दुसरी वीट ठेवलीत तर गाडी कलंडेल, म्हणून बाजूला एक दणकट गडी उभा ठेवा. सीट खाली आणून झाल्यावर मात्र ती दोन विटांवर उभी राहायला हवी. नाही राहिली तर काम अजून बाकी आहे.

आता दोन्ही चाकं पक्की करण्याबद्दल. काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे १ मीटर जास्त चालतं. एकाच शाफ्टला दोन्ही जखडली तर एकाला रस्त्यावर घासत जावं लागेल, टायर खरवडतील आणि हँडल वळवायला जोर लागेल. हा घोळ जुनाच आहे. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली आपल्या मुलाबरोबर शेजारीशेजारी बसायच्या तीनचाकीवर निघाले होते. दोघांचे पायडल आपापलं चाक फिरवत होते. तरुण पोराचा जोर जास्त, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढली जाऊन दोघं रस्त्याकडेला पडले, असं सांगतात. त्यातून १८७७ साली स्टार्लींनी तीनचाकीसाठी डिफरन्शियल गिअर काढला. आज सांगली फाट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये तेच तत्त्व फिरतं आहे.

तुम्हाला डिफरन्शियलच्या भानगडीत पडायचं कारण नाही. पायानं चालवायच्या गाडीला एक चाक ओढतं आणि एक मोकळं, एवढं पुरतं. ओढतं चाक डावं ठेवा. आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता, आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे तीनचाकी सतत डावीकडं घसरू बघते. डाव्या चाकानं ढकललं तर ती थोडी उजवीकडं वळू पाहते आणि हिशेब बराचसा जुळतो. शिवाय उताराच्या बाजूला वजन जास्त, म्हणून पकडही तिथंच चांगली.

शाफ्ट तुमच्याच हातचं काम आहे, तरी दोन गोष्टी बोलतोच. ईएन-८ चा २० मि.मी. शाफ्ट आणि यूसीपी-२०४ ब्लॉक बेअरिंग ही जोडी पुरेशी आहे. डाव्या हबला की-वे काढा, उजवा हब बेअरिंगवर मोकळा फिरू द्या. साध्या सायकलचा हब इथं चालत नाही. तो चिमट्यात दोन्हीकडून धरलेला असतो, तुमचं चाक एकाच बाजूनं लटकतं. म्हणून शाफ्टची पायरी जिथं चाकाच्या बाजूला उतरते, तिथं टूलनं कोपरा काटकोनात मारू नका. दीड मि.मी.ची गोलाई ठेवा. खड्ड्यात आदळलेल्या चाकाचा सगळा वाकवणारा जोर त्याच खांद्यावर येतो, आणि धारदार कोपऱ्यातून सुरू झालेली चीर बाहेरून दिसत नाही. दिसते तेव्हा चाक वेगळं झालेलं असतं.

शिरोलीत राहून आणखी एक मोह होणार: आजूबाजूला इतक्या फाउंड्र्या, तर ब्रॅकेट बिडात ओतून घेऊ. बेअरिंगचं घर बिडाचं चालेल. पण सीटचा आधार किंवा हँडलचा सांधा बिडाचा करू नका. बीड दाबाला पक्कं, पण हिसक्याला ठिसूळ, आणि तडकताना आधी वाकून सूचना देत नाही. तिथं माइल्ड स्टीलची पट्टी किंवा पाइप वापरा. सायकलच्या पाइपची भिंत पातळ असते. साध्या आर्क वेल्डिंगनं भोक पडतं, सीओटू वेल्डिंगवाला गाठा.

चाकांकडंही लक्ष द्या. सायकलचं चाक वरून येणाऱ्या वजनासाठी बांधलेलं असतं. दुचाकी झुकत असल्यामुळे वळणावरही जोर चाकाच्या उभ्या रेषेतच जातो. तीनचाकीत तो आडवा येतो आणि रिमला आऊट पडतो. मागं शक्यतो २० इंची, ३६ तारांची चाकं घ्या. लहान चाक आडव्या जोराला जास्त घट्ट, आणि पाठीमागची टोपलीही खाली बसते.

ब्रेकचं थोडक्यात: मागच्या एकाच चाकाला ब्रेक लावला तर गाडी फिरते, म्हणून मुख्य ब्रेक पुढं ठेवा आणि मागं शाफ्टवर डिस्क बसवा. तिच्या लिव्हरला अडकण करून घ्या. दुचाकी स्टँडवर लावली की जागची हलत नाही, तीनचाकी मात्र तुम्ही भाजी घेत असताना उतारावरून निघून जाते.

गिअरमध्ये मी स्वतः सगळ्यात जास्त जीव घालीन. साध्या सायकलला पुढं ४४ दाती चेनव्हील आणि मागं १८ दाती फ्रीव्हील असतं. २४ इंची चाकावर एका पायडलला सुमारे ४.७ मीटर, म्हणजे मिनिटाला ६० पायडल मारले तर ताशी १७ किलोमीटर. हा वेग तुमच्या गाडीला वळणावर झेपत नाही आणि पंचवीस-तीस किलोची गाडी एवढ्या जड गिअरवर ओढताना गुडघे बोलतात. ३२ आणि २२ दाती जोडी बसवली तर त्याच पायडलला ताशी १० किलोमीटर पडतात. मागं २० इंची चाकं लावलीत तर आणखी कमी. आरामात पाय फिरवताना गाडी आपोआप बेताच्या वेगात राहते.

रंगरंगोटी, आरसे, झालरी याबद्दल कोल्हापूरकराला मी काय सांगणार? जिथं रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात तिथं तीनचाकी नटवायला शिकवणी लागत नाही. फक्त जड सजावट वर चढवू नका. सायकलपासून सुरुवात केलेला हात कुठवर पोचेल याचा आपल्याकडं नेम नसतो म्हणा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली.

गुडघे फारच दुखत असतील तर पायडलचा हट्ट सोडून हातानं चालवायची तीनचाकी बघा. कानपूरची एलिम्को तशा बनवते. ती माणसाच्या मापानं घ्यायची वस्तू आहे, लेथवरच्या हौसेची नाही.

प्रश्न: अशाच तीनचाकीला बॅटरीची मोटर लावली तर आरटीओचं पासिंग लागतं का?
– एक वाचक, उजळाईवाडी

उत्तर: नुसत्या पायडलच्या गाडीला काहीच लागत नाही. पूर्वी सायकलला पालिकेचा बिल्ला असायचा, तोही गेला. मोटर लावली की केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ बघावे लागतात. मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. मात्र ही गोष्ट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेनं तपासून दाखला दिलेला असावा लागतो. पुण्याची एआरएआय ही त्यातली एक. घरी जोडलेल्या एकुलत्या गाडीसाठी तो दाखला कुणी आणत नाही, त्यामुळे मोटरवाली घरगुती तीनचाकी रस्त्यावर कायद्यात बसत नाही. कारखान्याच्या किंवा घराच्या आवारात चालवा, आणि पुणे-बंगळूर महामार्गाच्या वाटेला तर कुठलीच तीनचाकी सायकल नेऊ नका.

आवारातही कंट्रोलरची मर्यादा ताशी १२ किलोमीटरवर बांधा, कारण का ते वरच्या उत्तरात आलंच आहे. बॅटरी मागच्या टोपलीत टाकू नका. सीटखाली, एक्सलच्या जरा पुढं, फ्रेमच्या खालच्या नळीला पेटी वेल्ड करून तिच्यात बसवा, आणि पेटीला खालून पाणी निथळायला भोक ठेवा.